क्रूस नसलेलं नाव

मान मागे टाकून, डोळे मिटून मी शॅरनच्या सलूनमध्ये बेसिनच्या खोबणीत पडले होते. कोमट पाणी कपाळावरून मागे जात होतं. म्हातारपणी डोक्याला दुसऱ्याचा हात लागणं हे सुखच, आणि शॅरनचा हात हलका आहे. फक्त तोंड बंद राहत नाही. तिचा नवा मित्र, मित्राची गाडी, गाडीचे ब्रेक असं काहीतरी चाललं होतं आणि मी हुं हुं करत होते. मग ती म्हणाली, “उद्या मी नाहीये हं दुकानात. गावी जातेय, पोर्ट कॅरूला. आजीनं जीव खाल्लाय नुसता. महायुद्ध संपून पन्नास वर्षं झाली ना, म्हणून हॉलमधला नावांचा फलक नवा करतायत. पेंटर येणार उद्या. आणि एक चूक राहिलीय म्हणे, तीही दुरुस्त करायचीय. कुणा एकाच्या नावापुढे क्रूस घालायचाच राहून गेलाय. ट्रेनविथ म्हणून कुणी. अय्या, मिस ट्रेनविथ, तुमचंही आडनाव तेच की!” मी तोंड उघडलं आणि मान जराशी वळली, तर पाणी सरळ कानात गेलं.

कानात पाणी गेलं की जग लांब जातं. शॅरन बरणीत बसून बोलतेय असं वाटायला लागलं, आणि मी एकदम गावच्या जेट्टीवर. आमची जेट्टी भलतीच लांब, कारण आमचं पाणी उथळ. खोल पाणी गाठायचं तर टोकापर्यंत चालत जायचं. तिथे रॉस बुडी मारायचा आणि मी वर फळ्यांवर उभी राहून त्याच्याबरोबर श्वास रोखायची. तसा नियमच होता आमचा. “तुला सहन होईना झालं की पाय आपट, मी वर येतो,” असं म्हणायचा. लाकडावर आपटलेला पाय पाण्याखाली ढोलासारखा ऐकू येतो म्हणे. छाती फुटायला आली की मी टाच दाणकन आपटायची. मग क्षणभर काहीच नाही. फळ्यांच्या फटींतून नुसतं हिरवं पाणी, आणि मग भलत्याच बाजूला माझ्या भावाचं डोकं वर यायचं, दात काढत. बेरिल कठड्यावर बसून पाय हलवत असायची. ती म्हणायची, “मेल्या, एक दिवस त्या पोरीचा जीव जाईल तुझ्या खेळापायी.” बेरिलचं आणि त्याचं तेव्हा ठरल्यातच जमा होतं.

मी ताडकन उठून बसले. साबणाचं पाणी पाठीत गेलं, डोळ्यात गेलं. “कोण म्हणालं चूक आहे म्हणून?” शॅरन घाबरली बिचारी. हातात फवारा तसाच, समोरच्या आरशावर पाणी उडतंय. “आजी म्हणते. बेरिल हॉकिंग. ती हॉलच्या समितीवर आहे ना. ती म्हणते, कुणा म्हाताऱ्या बाईच्या हट्टापायी राहिलंय ते, आणि आता त्यांच्यातलं विचारायला कुणी उरलं नाही.” मी टॉवेल ओढून घेतला. म्हटलं, “मी उरलेय.” आणि मग, माझा मला धड विचारही झालेला नसताना, “उद्या मला घेऊन जा तुझ्याबरोबर.” ती म्हणाली, “आधी केस तरी धुऊन घ्या.”

केस धुतले, सेट केले, पैसे दिले, आणि ॲडलेडच्या रस्त्यावरून घराकडे निघाले. बस स्टॉप ओलांडून पुढे गेले, परत आले. एवढं काय झालं होतं? लाकडाच्या एका फळीवर अंगठ्याच्या नखाएवढी सोनेरी खूण. पण ती खूण उद्या उमटली की रॉस मेला. आत्तापर्यंत तो मेला नव्हता, निदान पोर्ट कॅरूत तरी नाही. आमच्याकडे गावोगावच्या हॉलमध्ये असे फलक असतात. जे जे लढाईला गेले त्या सगळ्यांची नावं, आणि जे आले नाहीत त्यांच्या नावापुढे क्रूस. बघणाऱ्याला कळतं, हा आला, हा राहिला. फलक करायचा ठरला तेव्हा समितीचे म्हातारे आमच्या स्वयंपाकघरात टोप्या मांडीवर घेऊन बसले होते. आईनं चहा दिला, केक कापला. म्हणाली, “नाव घाला. त्याच्यापुढे काही नको.” कुणीतरी घसा खाकरून म्हणालं, “मिसेस ट्रेनविथ, सरकारनंच तसं कळवलंय...” आई म्हणाली, “सरकारनं पाहिलंय का त्याला? त्याचा बूट तरी पाहिलाय? नाही ना? मग केक घ्या अजून.” बाबा उठून परसात गेले आणि कोंबड्यांना दुसऱ्यांदा दाणे घालत बसले. म्हाताऱ्यांनी केक खाल्ला. आणि फलक लागला तेव्हा रॉसचं नाव आलेल्यांमध्ये होतं.

आईला वेडी म्हणणं सोपं आहे, मी स्वतः म्हटलेलं आहे. पण तिच्या बाजूनं बघा. रॉसचं विमान म्हणजे उडती बोट. ती पाण्यावरून उडते आणि पाण्यावरच उतरते, पोटाखाली तिला नावेसारखा तळ असतो. उत्तरेला, केर्न्सहून ती संध्याकाळी निघाली. आत सगळी विशीबाविशीची पोरं. वाटेत एकदा रेडिओवर सगळं ठीक असल्याचं कळवलं, आणि त्यानंतर काही नाही. तेलाचा तवंग नाही, लाकडाचा तुकडा नाही. आई म्हणायची, “बोट आहे ती. बोट पाण्यावर बसली तर त्यात बुडायचं काय?” आणि दुसरं असं की जेट्टीचं टोक सोडलं तर आमच्या गावानं जन्मात खोल समुद्र पाहिलेला नाही. आमच्याकडे ओहोटी लागली की पाणी दूरवर मागे जातं, बायका स्कर्ट खोचून गुडघाभर पाण्यात खेकडे पकडायला जातात, आणि पोर दमलं की आई ओरडते, “अरे, उभा राहा!” समुद्रात उभं राहता येतं अशी आमची समजूत. वर्षानुवर्षं आई नळाखाली भांडी घासताना मध्येच थांबायची आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटायची, “उभा राहा, रे.” हे ऐकलं की माझ्या काळजात चर्र व्हायचं. अजून होतं. आत्ता, बस स्टॉपपाशी, झालं.

घरी आले, चहा ठेवला, विसरले, किटली कोरडी पडेपर्यंत विसरले. एप्रिलातल्या, सैनिकांच्या स्मरणदिनाच्या त्या पहाटा आठवत होते. पहाटे सगळं गाव स्मारकापाशी जमायचं, कोटाला आठवणीची म्हणून रोझमेरीची काडी लावून, थंडीत कुडकुडत. बिगूल वाजायचं आणि मग क्रूसवाल्यांची नावं मोठ्यानं वाचायची. आई सगळ्यांत पुढे, हनुवटी वर. मी तिच्या शेजारी, तिचा हात धरून. यादी टी या अक्षरापाशी यायला लागली की माझा जीव टांगणीला लागायचा. चुकून वाचलं तर? आई तिथल्या तिथे काय करेल? आणि मग नाव यायचंच नाही, यादी पुढे सरकायची, आई माझा हात दाबायची, जिंकल्यासारखी. आणि मला, कुणाला सांगायचं हे, मला रडू फुटायचं. कारण आलेल्यांची नावं कुणी वाचत नाही. ते आपले मागे उभे असतात, खोकत, विड्या लपवत. गेलेल्यांत रॉसचं नाव नाही आणि आलेल्यांत रॉस नाही. सगळ्या गावात माझ्या भावाचं नाव मोठ्यानं घेणारं कुणी नव्हतं, सोडून आमच्या स्वयंपाकघराला.

तिथे मात्र तो दर शनिवारी असायचा. आमची सगळी माणसं मुळात इंग्लंडातल्या कॉर्नवॉलची, खाणीत काम करायला आलेली, त्यामुळे शनिवारी पेस्टी ठरलेली. मांस, बटाटा, कांदा, सलगम, सगळं पोळीत घालून कडा दुमडायच्या आणि एका कोपऱ्यावर कणकेचंच अक्षर चिकटवायचं, ज्याच्या त्याच्या नावाचं. खायला सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करायची, म्हणजे उरलेली कुणाची ते कळतं. आई रॉसची पेस्टी करायचीच. ती शनिवारी ओट्यावर फडक्याखाली, रविवारी फडक्याखाली, आणि सोमवारी माझ्या डब्यात. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, कानाला यंत्र लावून, मी माझ्या भावाच्या वाटणीचं जेवले. अक्षराचा कोपरा तेवढा मी कधी खाल्ला नाही. तो मागच्या दारी सीगल पक्ष्यांना. आई गेली आणि मी ॲडलेडला आले, त्यानंतर मी पेस्टी केली नाही आणि विकतचीही आणली नाही. लोक म्हणतात, मिस ट्रेनविथ खाण्याच्या बाबतीत फार नखरे करतात. म्हणू देत.

पण खरी गोष्ट पेस्टीची नाही, आईचीही नाही. ती रात्र मी तळमळत काढली ती माझ्या स्वतःच्या गोष्टीपायी. मी रॉसला म्हातारा केलाय. एक्स्चेंजमध्ये लांबच्या गावची लाइन जोडताना खरखर यायची, त्या खरखरीत मी त्याला ऐकायची. आधी तो तिशीतला होता, कुठल्यातरी बेटावर, नारळाच्या मळ्यात, आठवण गेलेला. मग त्याचं लग्न झालं, पोरं झाली. मग त्याला बाबांसारखं टक्कल पडलं. त्याच्याशी मी भांडते. भाजी चिरताना भांडते, “मेल्या, एक ओळ लिहायला काय झालं होतं तुला?” आता त्याचे गुडघे दुखतात, माझ्यासारखेच. सगळ्या ॲडलेड शहरात माझ्या बरोबरीनं म्हातारं झालेलं माझं असं माणूस एकच, आणि ते हे. उद्या क्रूस लागला की तो झटक्यात विशीचा होणार. शॅरनपेक्षाही लहान. दाढीसुद्धा धड न आलेलं पोर, आणि मी त्याची साठी उलटलेली धाकटी बहीण! आणि पोर म्हटलं की बुडणं आलं. म्हातारा नारळाच्या मळ्यात राहू शकतो. त्या पोराला मात्र काळोखात त्या पाण्यात जावंच लागणार, तळ न लागणाऱ्या पाण्यात, पुन्हा, माझ्या डोळ्यांसमोर. हे मी होऊ देणार नव्हते. सकाळी दार लावताना मी ठरवूनच निघाले होते की पेंटरचा ब्रश हिसकावून घ्यायचा.

शॅरननं आणलेल्या मित्राच्या गाडीचे ब्रेक खरोखरच वाईट होते. दोन्ही बाजूंना कापलेल्या गव्हाची पिवळी रानं, वर आभाळच आभाळ, आणि मी सीटचा पट्टा मुठीत धरून बसलेले. ती म्हणाली, “मिस ट्रेनविथ, रागावू नका हं, पण तो खरंच... म्हणजे ते वारलेच आहेत ना?” मी म्हटलं, “तुला काय करायचंय?” वळण आलं, तिनं दोनदा ब्रेक दाबला. मग म्हणाली, “नाही, आजी विचित्र वागतेय म्हणून विचारलं. आजोबांच्या अंत्ययात्रेलाही तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. आणि परवा फोनवर हॉलच्या फलकाचं सांगताना आवाज असा कापत होता तिचा. मी म्हटलं, आजी, रंगाचं काम आहे, त्यात काय एवढं? तर फोन आपटला.” मी खिडकीबाहेर बघितलं. बेरिल. तिच्याबद्दल मी अजिबात विचार केला नव्हता. ती मला आठवायची ती जेट्टीच्या कठड्यावर पाय हलवणारी, नाहीतर मग एकदम मिसेस हॉकिंग, लोणच्याच्या बरण्या विकणारी. या दोन्हींच्या मधली बेरिल मी कधी बघितलीच नव्हती. गावाची पाटी आली.

हॉलमध्ये तोच वास. मेण, धूळ, चहाच्या मोठ्या भांड्याचा पितळी वास. फलक भिंतीवरून उतरवून दोन टेबलांवर टेकवून उभा केला होता आणि समोर स्टुलावर व्हिन्स नावाचा पेंटर, गोल पोटाचा, गाणं गुणगुणत. “या बाई, या,” तो म्हणाला, “पण दार लोटून घ्या. सोन्याचा वर्ख आहे. माझ्या सासूपेक्षा तापट, जरा वारा लागला की उठून जातो.” त्याच्या पलीकडे खुर्चीवर बेरिल बसली होती, मांडीवर फडक्यात बांधलेलं काहीतरी घेऊन. केस पांढरे, पाय सुजलेले. तिनं मला ओळखलं. उठली नाही. म्हणाली, “तू येशील असं वाटलंच होतं मला. ही भवानी कात्री चालवते त्याहून जास्त तोंड चालवते.” शॅरन म्हणाली, “आजी!” मी म्हटलं, “बेरिल, मला विचारलं का नाहीस?” ती म्हणाली, “तू नाही म्हणाली असतीस.” मी म्हटलं, “मी आत्ताही नाहीच म्हणतेय.” व्हिन्सनं ब्रश खाली ठेवला. “आधी तुमचं मिटवा,” म्हणाला, “मी चहाचं बघतो,” आणि शॅरनला घेऊन आतल्या खोलीत गेला.

मला वाटलं होतं ती भांडेल. भांडण मला जमतं. पण ती फलकाकडेच बघत राहिली आणि हळू आवाजात बोलायला लागली, “तुला आठवतं का ग, माझ्या लग्नानंतरचा सोमवार? वाण्याच्या दुकानाबाहेर?” मला आठवत होतं. टोपली माझ्याच हातात होती. नवी नवरी बेरिल पीठ घ्यायला आली होती, निळी टोपी घालून, आणि आईनं भर रस्त्यात, सगळ्यांसमोर, तिला थांबवून विचारलं होतं, अगदी गोड आवाजात, “रॉस आला की काय सांगू त्याला?” बेरिलचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. मी मान खाली घालून टोपलीतले कांदे बघत राहिले होते. “चिडून बोलली असती तर बरं होतं,” बेरिल म्हणाली, “पण तिला खरंच उत्तर हवं होतं. तेव्हापासून दर आठवड्याला मी या हॉलमध्ये येतेय, आयव्ही. बायकांची सभा, नाच, लग्नं, पोरांची नाटकं. आणि दर वेळी त्या भिंतीवर त्याचं नाव, क्रूस नसलेलं. म्हणजे काय ते सांगू? तो आला, आणि मी थांबले नाही. गावात नवं कुणी आलं की वाचायचं आणि विचारायचं, हा ट्रेनविथ आता कुठे असतो हो? माझा नवरा क्लॅरी देवमाणूस, पण तोही पहाटेच्या कार्यक्रमाला माझ्या तोंडाकडे बघत उभा राहायचा. मेलेल्यावर कोण जळतं? पण हा मेलेला नव्हता ना. क्लॅरीच्या पेस्टीवर अक्षर चिकटवताना माझा हात दुसऱ्याच अक्षराकडे वळायचा आणि मला भीती वाटायची, हा बघेल.”

मी म्हटलं, “आई मानतच नव्हती, बेरिल. मी काय करणार होते?” ती म्हणाली, “तुझ्यावर माझा राग नाही. तुझ्या आईवरही नाही. तिनं वाट बघितली, तिला शोभलं ते. तू वाट बघितलीस. तुमच्या घराला वाट तरी बघता आली. मला वाटही बघता आली नाही आणि रडताही आलं नाही. ज्याच्यापुढे क्रूस नाही त्याच्यासाठी दुसऱ्याची बायको रडेल कशी? लोक काय म्हणतील? मी काय म्हणणार स्वतःला?” तिचे हात फडक्याच्या गाठीशी चाळा करत होते. “डॉक्टर म्हणतात, हृदय थकलंय. थकू दे. पण जायच्या आधी मला एकदा, एकदाच त्याला रडून घ्यायचंय ग. एवढा क्रूस घालू दे मला.”

मी उभीच होते. फलकावर कुठेतरी नजर ठेवायची म्हणून ठेवली तर ती बरोबर त्याच्यावरच पडली. आर. ट्रेनविथ. बाकीची नावं मळलेली आणि हे एक नाव फिकं, पुसट, आई शुक्रवारी हॉल झाडायला यायची तेव्हा ओल्या फडक्यानं त्याच्यावरून हात फिरवायची म्हणून. त्यापुढे मोकळी जागा. इतकी वर्षं मला वाटायचं की त्या मोकळ्या जागेत तो राहतोय, त्याचं बेट, त्याची पोरं, त्याचे गुडघे. आणि त्याच जागेवर समोरच्या खुर्चीतली ही बाई दर आठवड्याला आरोपीसारखी उभी राहत होती. माझ्या म्हाताऱ्या रॉसची किंमत तिनं मोजली होती, मी नाही. मला तिचा राग आला. खरंच आला, कारण आता मला नाही म्हणता येणार नव्हतं. “नारळाचा मळा होता त्याचा,” मी म्हटलं. बेरिलनं विचारलं, “काय?” मी म्हटलं, “काही नाही. बोलाव त्या पेंटरला.”

व्हिन्सनं पंखा बंद आहे ना ते बघितलं, खिडक्या बघितल्या. क्रूसचा आकार त्यानं आधीच चिकट रोगणानं काढून ठेवला होता. बेरिलनं विचारण्याची वाटच बघितली नव्हती तर! मी तिच्याकडे बघितलं तर तिनं नजर चुकवली. व्हिन्सनं पुस्तकासारखी घडी उघडली, आत कागदांच्या मध्ये वर्ख, श्वासानंसुद्धा हलणारा. वर्ख चिकटावा म्हणून रुंद, मऊ ब्रश त्यानं स्वतःच्या गालावरून फिरवला, त्यावर वर्ख उचलला आणि म्हणाला, “आता सगळ्यांनी श्वास रोखा. हसायचं नाही, शिंकायचं नाही. मी सांगेपर्यंत नाही सोडायचा.” शॅरननं गाल फुगवले. बेरिलनं मांडीवरचं फडकं बाजूला ठेवलं, गाठ सुटून आतली पेस्टी दिसली, कोपऱ्यावर कणकेचा आर. मग ती खुर्चीच्या हातांना धरून उठली, माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मी श्वास रोखला.

सोनं हवेत थरथरलं आणि मग लाकडावर बसलं. व्हिन्स बोटाला कापूस गुंडाळून दाबत होता, हळूहळू, एक एक टोक. त्याला कसली घाई नव्हती. माझ्या कानांत गच्च झालं, बेसिनमध्ये झालं होतं तसं. पायाखाली हॉलची जमीन होती, लांब लांब फळ्यांची, मध्ये फटी, फटींत काळोख. रॉस खाली गेलेला होता. विशीचा, मानेवर उन्हानं सोललेली कातडी, सगळ्या दाढा शाबूत. छाती दुखायला लागली. अजून थोडं, मी मनात म्हणत होते, अजून थोडं, मी सोडेपर्यंत तो खाली राहू शकतो, तसा नियम आहे. डोळ्यांपुढे ठिपके यायला लागले. आणि मला सहन होईना झालं.

मी टाच आपटली. दाणकन. बूट, लाकूड, आणि खालची पोकळी, सगळा हॉल घुमला. वर्खाचा उरलेला कपटा उडून गेला आणि व्हिन्स ओरडला, “अहो बाई!” शॅरननं तोंडावर हात ठेवला. पण बेरिलनं वर बघितलंच नाही. ती खाली बघत होती, फळ्यांच्या फटींकडे, आधी या बाजूला, मग त्या बाजूला, तो नेहमी भलतीकडेच निघायचा तशी. मीही बघत होते. तिनं माझा हात धरला.

“परत आपट,” ती म्हणाली. “त्याला पहिल्या वेळी ऐकू जायचं नाही.”

मी परत पाय आपटला. आम्ही थांबलो. आतल्या खोलीत चहाचं भांडं उकळायला लागल्याचा आवाज येत होता. मग बेरिलच्या तोंडून असा एक आवाज आला जो मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, आणि ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली, मोठ्यानं, नातीसमोर, परक्या माणसासमोर, आणि त्याचं नाव घेऊन. मी तिला घट्ट धरलं, आणि मगच श्वास घेतला.